झेडपीला आपली बाई उभी करताय? संघटनेने कोणतं काम कधी करायचं

आचारसंहिता लागली की फोन सुरू होतात. "आमच्या गटातून ताईंना उभं करायचं ठरलंय, प्रचाराला तुमच्याकडून किती बाया येतील?" मी उलट विचारते, ताईंचा जातीचा दाखला माहेरच्या नावाचा आहे की सासरच्या? पलीकडे शांतता. मग, "ते बघतो, दोन दिवसांत काढतो." तो दाखला दोन दिवसांत निघत नाही, आणि पडताळणी तर नाहीच नाही.

महिला संघटना, बचत गटांचे संघ, महिला मंडळं यांची ताकद प्रचारात दिसते, पण आपल्या उमेदवार बहुतेक वेळा प्रचाराच्या आधीच गळतात. कुणाचा अर्ज छाननीत उडतो. कुणाला माघारीच्या दुपारी घरचेच तहसीलला घेऊन जातात. कुणी निवडून येते आणि वर्षभरात अपात्र ठरते. हे थांबवायचं तर कामाचा क्रम बदलावा लागतो, म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती डोळ्यांसमोर ठेवली आहे. ग्रामपंचायतीचा नियम वेगळा असेल तिथे तसं सांगितलं आहे. वाचताना घोळ नको म्हणून एक सांगते: इथे नुसतं 'गट' म्हटलं तर जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, 'गण' म्हटलं तर पंचायत समितीचा. एका गटात दोन गण असतात. बचत गट तिथे बचत गट असंच लिहिलं आहे.

निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होण्याच्या किमान सहा महिने आधी काम सुरू व्हायला हवं. तारखा पुढेमागे होतात म्हणून थांबून राहू नका. तयार केलेली फाईल वाया जात नाही.

टप्पा १ : संघटनेने आधी स्वतःची मर्यादा लिहून काढावी

पहिली बैठक उमेदवाराबद्दल नको, संघटनेबद्दल घ्या. आपली नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे? पैसा कुठून येतो? आपल्याकडे कोण पगारावर आहे, कोण मानधनावर?

नोंदणीकृत धर्मादाय संस्थेचा पैसा, गाडी, कार्यालय एका उमेदवाराच्या प्रचाराला वापरता येत नाही. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेने तर फार सांभाळून राहावं. २०१० च्या परदेशी अंशदान कायद्यानुसार निवडणुकीतल्या उमेदवाराला परदेशी पैसा घेता येत नाही, आणि आडमार्गाने दिला तर संस्थेची परवानगीच धोक्यात येते. बचत गटाची बचत आणि बँकेचं कर्ज हा बायांचा घामाचा पैसा आहे. त्याला हात लावायचा नाही, 'उसने' म्हणूनही नाही.

मग संस्था करू शकते काय? भरपूर. सगळ्या पक्षांच्या आणि अपक्ष बायांसाठी प्रशिक्षण, कागदपत्रांची शिबिरं, मतदार यादीत नावं तपासणं, मतदान कसं करायचं हे समजावणं. एका विशिष्ट ताईचा प्रचार करायचा तो सभासदांनी, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वेळेत. संस्थेचा शिक्का, फलक, लेटरहेड बाजूला. ही रेघ ठरावात लिहा आणि सगळ्यांना वाचून दाखवा.

थांबा : 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या बचत गटांचे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ शासनाच्या योजनेतले आहेत. त्यांच्या अधिकृत बैठकीत, हजेरीपटावर सह्या घेऊन एखाद्या उमेदवाराचा प्रचार केला तर तक्रार होते, आणि त्यात अडकते मानधनावरची सीआरपी ताई, म्हणजे गावात बचत गटांचं काम बघणारी. बैठक संपवा, वही मिटवा, बाया घरी जाऊ द्या. प्रचाराची बैठक वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी.

टप्पा २ : जागा आधी, की बाई आधी?

बाई आधी. आरक्षणाची सोडत निघाल्यावर बाई शोधायची सवय आपण पुरुष पुढाऱ्यांकडून घेतली. ते सोडतीच्या संध्याकाळी 'घरात कोण आहे' ते बघतात. आपल्याकडे गटागटात तीन-चार बाया आधीपासून तयार असाव्यात, वेगवेगळ्या प्रवर्गांतल्या, म्हणजे सोडत कशीही निघाली तरी कुणी ना कुणी उभी राहू शकेल.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. याचा एक उलटा परिणाम झाला. 'महिला राखीव' नसलेली जागा पुरुषांचीच, असं आपल्याच बाया धरून चालतात. सर्वसाधारण जागेवर बाई उभी राहू शकते. अनुसूचित जातीच्या किंवा इतर मागासवर्गाच्या जागेवर 'महिला' लिहिलेलं नसलं तरी त्या प्रवर्गातली बाई उभी राहू शकते. पाच वर्षं काम केलेल्या ताईचा गट पुढच्या वेळी राखीव राहिला नाही म्हणून ती घरी बसली, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्याच बैठकीत हे मोठ्याने सांगते.

पात्रतेत लक्षात ठेवायचं ते असं. अर्ज भरताना वय २१ पूर्ण हवं. नाव त्याच जिल्ह्यातल्या मतदार यादीत हवं. जिल्ह्यातल्या कोणत्याही गटाची मतदार जिल्ह्यातल्या दुसऱ्या गटातून उभी राहू शकते, त्यामुळे आपला गट हातचा गेला तर शेजारच्या गटाचा विचार करता येतो. ग्रामपंचायतीत मात्र त्याच गावची मतदार असावं लागतं.

संघटनेतल्याच दोघींना एकाच जागेवर उभं राहायचं असेल तर? आधी दोघींना समोरासमोर बसवा, तिसऱ्या जाणत्या बाईच्या साक्षीने. तोडगा निघाला नाही तर संघटनेने जाहीरपणे तटस्थ राहावं आणि दोघींनाही कागदपत्रांची मदत सारखीच करावी. एकीला आतून मदत आणि दुसरीला तोंडावर शुभेच्छा, असं केल्याने तालुक्यातली पंधरा वर्षांची संघटना फुटलेली मला माहीत आहे.

टप्पा ३ : कागद. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

प्रत्येक संभाव्य उमेदवाराची एक प्लास्टिकची फाईल करा. वर तिचं नाव आणि कागदांची यादी चिकटवा. मूळ कागद तिच्याकडे, प्रतींचा एक संच संघटनेकडे. आता एकेक.

*नाव.* बायांच्या बाबतीत सगळा गुंता इथूनच सुरू होतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मतदार यादीत नवऱ्याचं नाव चुकलेलं, बँकेत आडनावाचं स्पेलिंग वेगळं. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर आधी तो काढा. नावात जास्तच फरक असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून सहा महिने.

*मतदार यादी.* जिल्हा परिषदेसाठी विधानसभेचीच यादी गट-गणांप्रमाणे फोडून वापरतात. म्हणजे विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर इथेही नसेल. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता किंवा नावातली दुरुस्ती नमुना ८. नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलींची नावं माहेरच्या यादीत राहिलेली असतात. उमेदवाराबरोबर तिला मत देणाऱ्या बायांचीही नावं तपासा, ते निम्मं प्रचाराचं काम आहे. प्रारूप यादी लागली की हरकतींना थोडेच दिवस मिळतात. आपल्या गावाची नावं चुकून शेजारच्या गणात गेली असतील तर तेव्हाच सांगायचं, नंतर कुणी ऐकत नाही.

*जातीचा दाखला आणि वैधता.* राखीव जागेसाठी हा कणा आहे. वैधता म्हणजे दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. बाईची जात जन्माने, वडिलांकडून धरली जाते. नवऱ्याच्या दाखल्यावर तिचा दाखला निघत नाही. त्यामुळे पुरावे माहेरचे लागतात: वडील, आजोबा, चुलते यांचे शाळेचे दाखले, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना १४. पुरावा किती जुना हवा हे प्रवर्गावर ठरतं.

अनुसूचित जाती : १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा
अनुसूचित जमाती : ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा
विमुक्त जाती, भटक्या जमाती : २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा
इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग : १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा

माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर फेऱ्या दुप्पट. भावाशी जमिनीवरून वाद असेल तर तो कागद देत नाही, हेही होतं. अशा वेळी संघटनेच्या दोघी तिच्याबरोबर माहेरी गेल्या तर काम होतं. ती एकटी गेली तर चहा मिळतो, कागद मिळत नाही. भावाकडे किंवा चुलत भावाकडे आधीच वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत मोठा आधार ठरते.

वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती आणि हमीपत्र देऊन अर्ज भरता येतो. पण ठरलेल्या मुदतीत वैधता आली नाही तर निवड मागच्या तारखेपासून रद्द होते. निवडून आलेल्या कितीतरी बायांचं पद असं गेलं आहे.

थांबा : "पावतीवर भागतं" असं सांगणारा एजंट प्रत्येक तहसीलबाहेर असतो. अर्ज भरण्यापुरतं भागतं. पद टिकवण्यापुरतं भागत नाही.

*मुलं.* १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उभं राहता येत नाही. हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नका. एकीने एकांतात, जन्मदाखले समोर ठेवून विचारायचा. बाया लाजेने किंवा भीतीने लपवतात, आणि विरोधकाकडे अंगणवाडीच्या नोंदीची प्रत असते. अर्जासोबत याचं घोषणापत्र असतं; ते खोटं दिलं तर प्रकरण अपात्रतेवर थांबत नाही, गुन्हा होऊ शकतो. तारखांत शंका असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. हा नियम बायांवर अन्याय करतो असं माझं ठाम मत आहे, कारण तिसऱ्या मुलाचा निर्णय बहुतेक घरांत तिचा नसतो. पण तो कायदा आहे आणि फाईल कायद्याप्रमाणेच तयार करावी लागते.

*थकबाकी, शौचालय, अतिक्रमण.* घरपट्टी आणि पाणीपट्टी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते आणि तिला थकबाकीचा पत्ता नसतो. भरून टाका, पावती आणि ना-थकबाकी दाखला फाईलमध्ये. शौचालय वापराचा दाखला किंवा स्वयंघोषणा घ्या. ग्रामपंचायतीसाठी घर सरकारी जागेवर आहे का ते बघा: कुटुंबातल्या कुणी अतिक्रमण केलं आणि ती तिथे राहते, तेवढ्यानेही सदस्यपद जाऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे.

*कंत्राट आणि मानधन.* बाई किंवा तिचा बचत गट अंगणवाडीचा आहार, शाळेचा पोषण आहार शिजवत असेल तर विरोधक 'हितसंबंध' म्हणून हरकत घेतात. अंगणवाडी सेविका, आशा, सीआरपी यांच्याबाबतही वाद उठतो. तोंडी सल्ल्यावर जाऊ नका. वकिलाकडून किंवा निवडणूक शाखेकडून लेखी समजून घ्या. राजीनामा द्यायचा ठरला तर तो अर्जाच्या आधी मंजूर झालेला हवा, नुसता दिलेला नाही. पोटाचा प्रश्न आहे, म्हणून निर्णय तिनेच घ्यायचा. संघटनेने तिला भरीस घालू नये.

*बँक खातं.* निवडणुकीच्या खर्चासाठी तिच्या एकटीच्या नावाचं वेगळं खातं. नवऱ्याबरोबरचं संयुक्त खातं नको. पासबुक आणि चेकबुक तिच्या हातात.

तपासा : सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचं तिचं पूर्ण नाव मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्या दोघी. जिथे वेगळं ऐकू येईल तिथे खूण करा. डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला कळते.

टप्पा ४ : घर

घर राजी नसेल तर उमेदवारी टिकत नाही, आणि नुसतं राजी असून भागत नाही. प्रचाराचे दिवस स्वयंपाक कोण करणार? जनावरांचं कोण पाहणार? मुलांची शाळा, सासूचं औषध? हे संघटनेने तिच्या घरी बसून, नवरा आणि सासू समोर असताना विचारायचं आणि वेळापत्रक करायचं. शेजारच्या बचत गटातल्या चौघींनी एकेक दिवसाचा डबा वाटून घेतला तर ती सकाळी आठला घराबाहेर पडू शकते. एरवी अकरा वाजतात, आणि तोवर गावातल्या बाया शेतावर गेलेल्या असतात.

त्याच बैठकीत नवऱ्याला स्पष्ट सांगा: भाऊ, तुमची मदत लागणार, पण बैठकीत बोलणार त्या. हे पहिल्या दिवशी सांगितलं तर मानलं जातं.

टप्पा ५ : बोलण्याची तयारी

भाषण लिहून देऊ नका. लिहून दिलेलं भाषण ती विसरते आणि मग नवरा माईक घेतो. तिला तीन गोष्टी पक्क्या माहीत असू द्या: आपल्या गटातल्या झेडपीच्या शाळांत किती खोल्या मोडक्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपणाला रात्री कोण असतं, आणि कोणत्या वाडीचं पाणी उन्हाळ्यात तुटतं. हे तिने स्वतः फिरून वहीत लिहावं. आठवडाभराचं काम आहे. वही भरली की बोलता येतं, कारण मग ती पाहिलेलं सांगत असते.

जिल्हा परिषदेची कामं कोणती आणि आमदाराची कोणती हा फरक तिला यायला हवा. जिल्हा परिषदेने आपल्या उत्पन्नातून महिला व बालकल्याणावर १० टक्के खर्च करायचा असतो. मागच्या वर्षी तो कशावर झाला हे माहितीच्या अधिकारात आधीच मागवून ठेवा. शिलाई मशीन आणि सायकली किती वाटल्या, कुणाला वाटल्या, हा कागद हातात असलेल्या बाईला सभेत कुणी गप्प बसवू शकत नाही.

सरावाला संघटनेतल्या एकीला खवचट मतदार करा. "तुला काय कळतंय?", "निवडून आल्यावर कारभार कोण करणार, तू का तुझा नवरा?" हे प्रश्न येणारच. पहिल्यांदा ते घरच्या ओसरीवर ऐकलेले बरे.

टप्पा ६ : अर्ज आणि छाननी

अर्ज कधी संकेतस्थळावर भरून छापील प्रत द्यायची असते, कधी थेट कागदावर. मागच्या निवडणुकीवरून अंदाज बांधू नका. कार्यक्रम जाहीर झाल्या दिवशी तो पूर्ण छापून घ्या आणि तारखा लाल पेनने कॅलेंडरवर लिहा.

१. अर्ज शेवटच्या दिवशी भरायचा नाही. किमान दोन दिवस आधी, म्हणजे चूक सापडली तर दुसरा भरता येतो.

२. सूचक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारी, त्याच मतदारसंघातली मतदार हवी, आणि धीराची. सूचकावर दबाव आणून "ही सही माझी नाही" म्हणायला लावतात. सही करताना फोटो काढून ठेवा.

३. शपथपत्रात एकही रकाना कोरा नको. लागू नसेल तिथे 'निरंक' किंवा 'नाही' लिहा. रकाने कोरे ठेवलेलं शपथपत्र अर्ज फेटाळायला कारण होऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर स्पष्ट आहे. नवऱ्याची मालमत्ता, कर्ज, सोसायटीची थकबाकी हेही लिहावं लागतं, म्हणून सातबारा, आठ-अ आणि कर्जखात्याचा उतारा आधीच आणा. नवरा आकडे सांगायला टाळाटाळ करतो. टप्पा ४ मधल्या बैठकीत हा विषयही काढा.

४. पक्षाची उमेदवारी असेल तर एबी फॉर्म, म्हणजे ती पक्षाची अधिकृत उमेदवार असल्याचं पक्षाचं पत्र, मुदतीत पोचला का ते स्वतः विचारा. दिलेल्या वेळेनंतर पाच मिनिटांनी आलेला एबी फॉर्म उपयोगाचा नाही. पक्ष शेवटच्या क्षणी दुसऱ्याला देईल अशी शंका असेल तर अपक्ष म्हणून दुसरा अर्ज भरून ठेवा.

५. अर्जात लिहिलेलं नावच मतदान यंत्रावर येतं. गाव तिला ज्या नावाने ओळखतं ते त्यात यावं.

६. अनामत रकमेची पावती आणि अर्ज मिळाल्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

छाननीला उमेदवार, सूचक आणि कायदा कळणारी एक व्यक्ती, सोबत मूळ कागदांची फाईल. हरकत आली तर आवाज चढवू नका, कागद पुढे करा. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा आणि तिथेच प्रत घ्या. जिल्हा परिषद, पंचायत समितीला या निर्णयाविरुद्ध पूर्वी जिल्हा न्यायालयात अपील करता येत होतं; आता दाद कुठे मागता येते ते वकिलाला आधीच विचारून ठेवा. वकील छाननीच्या आधी ठरलेला हवा.

टप्पा ७ : माघारीचा दिवस

संघटना सगळ्यात जास्त गाफील असते ती या दिवशी. छाननी पार पडली की सगळ्या जणी सुस्कारा सोडतात आणि चिन्हाच्या गप्पा सुरू होतात. इकडे भावकीची बैठक बसते. "बिनविरोध करू, गावाला निधी मिळेल." "तुझ्या पोराच्या नोकरीचं बघतो." नवऱ्याच्या सोसायटीच्या कर्जाची आठवण काढली जाते. आणि माघारीच्या शेवटच्या तासाला ताई तहसीलमध्ये दिसते, डोकं खाली घालून.

एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. म्हणून:

दबाव कुठून येईल याची यादी आधीच तिच्याबरोबर बसून करा. सावकार, दूध डेअरी, दीर, शाळेचा संस्थाचालक, कोण? ज्याच्याकडून येईल त्याला कोण भेटणार ते ठरवा.

छाननीपासून माघारीची वेळ संपेपर्यंत दोघी सतत तिच्याबरोबर. झोपायलाही. कुठल्याही कोऱ्या कागदावर तिने सही करायची नाही, कारण तिच्या लेखी अधिकारपत्राने दुसराही माघार देऊन येऊ शकतो.

धमकी आली तर तारीख, वेळ, शब्द लिहून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना लेखी द्या. तातडीला ११२. पदांचा लिलाव किंवा पैशाची बोली लागली तर तसा पुरावा आयोगाकडे पाठवा. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक लिलावाच्या कारणावरून राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली होती.

पण एक गोष्ट संघटनेने लक्षात ठेवावी. तिने सगळं समजून, स्वतःच्या मनाने माघार घ्यायचं ठरवलं तर तिला अडवायचं नाही. आपणही दबाव आणणारे होऊ नये. तिला एकटीला बसवून विचारा, घरचं कुणी समोर नसताना, आणि ती सांगेल ते माना.

टप्पा ८ : प्रचार आणि हिशेब एकत्र

हे दोन वेगळे टप्पे करू नका. ज्या दिवशी पहिलं पत्रक छापलं त्या दिवशी पहिली नोंद वहीत. एकीला फक्त हिशेबाचं काम द्या, बारावी झालेली मुलगी उत्तम करते. पाहुण्यांनी दिलेली गाडी, मैत्रिणींनी केलेला चहा, हेही तिच्या खर्चात धरलं जातं. 'आमच्याकडून भेट' असा कप्पा निवडणुकीच्या हिशेबात नसतो. खर्चाची मर्यादा आणि रोजचा हिशेब कसा द्यायचा, ते कार्यक्रमाबरोबर आलेल्या सूचनांत वाचा.

पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव, प्रतींची संख्या हवी. फोटो तिचा मोठा. 'अमक्यांच्या सौभाग्यवती' हा शब्द पत्रकावरून काढा. मतदार यंत्रावर तिचं नाव शोधणार आहेत, तिच्या नवऱ्याचं नाही.

थांबा : हळदीकुंकू. आचारसंहितेत वाण वाटणं म्हणजे मतदाराला आमिष, तक्रार लगेच होते. शिवाय हळदीकुंकवाला विधवा, परित्यक्ता बायांना बोलवत नाहीत, आणि त्याच बाया रेशन, निराधार योजना, घरकुलासाठी झेडपी-पंचायतीच्या पायऱ्या झिजवत असतात. साधी ओसरीवरची बैठक घ्या. सगळ्यांना बोलवा. पाणी द्या आणि ऐका.

भेटीच्या वेळा बायांच्या कामावरून ठरवा. भातलावणीला सकाळी बांधावर, ऊसतोडीच्या मुलखात कोयता निघण्याआधी, भाजी पिकवणाऱ्या गावात माल गाडीत चढल्यावर. एका वस्तीत किमान दोनदा जा. पहिल्या वेळी बाया ऐकतात, दुसऱ्या वेळी सांगतात.

चारित्र्यावर चिखलफेक आणि व्हॉट्सअॅपवर जोडलेले फोटो बाई उभी राहिली की येतातच. तिला खुलासे करत फिरायला लावू नका. स्क्रीनशॉट घ्या, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसू द्या, पोलिसांत लेखी तक्रार करा, आणि दुसऱ्या दिवशी संघटनेच्या पंचवीस जणी तिच्याबरोबर त्याच गल्लीतून चालत जा. काही बोलायची गरज पडत नाही.

टप्पा ९ : मतदान आणि मोजणी

मतदाराला दोन मतं द्यायची असतात, एक गटासाठी आणि एक गणासाठी. म्हाताऱ्या बाया एक बटण दाबून निघू लागतात. वस्तीत पुठ्ठ्याचं नमुना यंत्र करून दाखवा.

प्रत्येक केंद्रावर आपली मतदान प्रतिनिधी, शक्यतो बाई. तिची नेमणूक चिठ्ठी आदल्या रात्री हातात. मतदान सुरू होण्याआधी चाचणी मतदान होतं, त्याला ती हजर हवी, म्हणजे घरातून पहाटे निघायला हवं आणि तिच्या जेवणाची सोयही हवी. यंत्र बंद करताना एकूण मतांचा आकडा आणि सीलचे क्रमांक लिहून घ्या. मोजणीच्या टेबलावर हेच आकडे ताडून बघायचे असतात, आणि रात्री आठवून ते सांगता येत नाहीत.

टप्पा १० : निकालानंतरचे ३० दिवस

गुलाल उधळून झाला की संघटना पांगते. नेमकं इथे पुढचं नुकसान होतं.

खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यायचा. जिंकलेलीने आणि हरलेलीनेही. हरलेल्या बायांना हे कुणी सांगतच नाही; मग आयोगाची नोटीस येते आणि ती काही वर्षांसाठी निवडणूक लढवायलाच अपात्र ठरते. म्हणजे पुढच्या वेळची आपली सर्वांत अनुभवी उमेदवार गेली. निकालाच्या तिसऱ्या दिवशी हिशेबाची वही, पावत्या, बँकेचा उतारा घेऊन बसा, आणि दाखल केल्याची पोच फाईलमध्ये लावा.

जिंकलेलीसाठी: वैधता प्रकरण प्रलंबित असेल तर मुदतीची तारीख तिघींच्या मोबाईलमध्ये घाला आणि समितीकडे दर पंधरा दिवसांनी एकीने जायचं. पहिल्या सर्वसाधारण सभेआधी विषयपत्रिका तिच्याबरोबर बसून वाचा. पहिल्या सभेला तिच्यासोबत जिल्ह्याच्या गावाला जायला नवरा नको, संघटनेतली एक बाई द्या. एकदा 'झेडपी पती' म्हणून ओळख झाली की अधिकारी फोन त्यालाच करतात आणि ती सवय मोडायला दोन वर्षं लागतात.

हरलेलीसाठी: आठवड्याच्या आत तिच्या घरी जा. तिने केलेली शाळांची, पाण्याची वही मागून घ्या आणि केंद्रनिहाय मतांचे आकडे तिच्यासमोर वाचा. कोणत्या वस्तीने साथ दिली, कोणत्या वस्तीत आपण एकदाच गेलो, हे तीच सांगेल. ते लिहून घ्या, आणि फाईल तिच्याकडेच ठेवा.